अल्पमोली इलेक्ट्रिक गिटार : निवड, जुळणी आणि निगा

इलेक्ट्रिक गिटार शिकू इच्छिणाऱ्या तरुणाच्या, आणि बहुधा त्याच्या आईवडिलांच्याही, मनात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. आणि ज्या वाद्याचा छंद चार महिने टिकेल की चार वर्षे याची कोणालाच खात्री देता येत नाही, त्यावर पन्नास-साठ हजार रुपये घालण्यास सामान्य गृहस्थ कचरतो, यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. साधारण दहा ते पंचवीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळणारी गिटार घ्यावी की नाही, घ्यावयाची तर ती कोणत्या कसोट्यांवर पारखावी, आणि घरी आणल्यावर तिच्यासंबंधी ज्या तक्रारी उद्भवतात त्यांचे निवारण कसे करावे, ह्या तीन गोष्टींचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे. अशी गिटार बाळगणाऱ्या पुष्कळांशी माझे बोलणे झाले आहे, त्यांची वाद्ये हाताळण्याचा योगही वारंवार आला आहे. आणि त्या सर्वांच्या अनुभवांतून जो एक निष्कर्ष निघतो तो प्रारंभीच सांगून टाकतो. स्वस्त गिटारमध्ये जे उणे असते ते बव्हंशी सामग्रीचे नसून श्रमाचे असते : कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कुशल हाताने तिच्यावर जे शेवटचे काम व्हावयाचे, तेच तेवढे झालेले नसते. हे राहिलेले काम जो मालक स्वतः शिकून करतो किंवा जाणकाराकडून करवून घेतो, त्याच्या पदरी अल्प मोलात वर्षानुवर्षे साथ देणारे वाद्य पडते. आणि जो करीत नाही, तो दोष गिटारचा किंवा स्वतःच्या बोटांचा मानून वादन सोडून देतो.

किंमत कशामुळे उतरते

हे विधान नीट पटण्यासाठी ह्या वाद्याचा थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. ते स्वतः गिटारवादक नव्हते. परंतु नादुरुस्त वस्तू उघडून पुन्हा चालू करणे हाच त्यांचा व्यवसाय असल्यामुळे, १९५० साली त्यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि १९५४ साली तिच्यामागून स्ट्रॅटोकास्टर काढली, तेव्हा दुरुस्तीची सोय हे तत्त्व त्यांनी वाद्याच्या घडणीतच घातले. नेक, म्हणजे गिटारची मान, सरसाने चिकटविण्याऐवजी चार स्क्रूंनी धडाला जोडावी. स्ट्रॅटोकास्टरमधील पिकअप (म्हणजे तारांचे कंपन टिपणारी, चुंबक असलेली वेटोळी), बटणे आणि स्विच एकाच पट्टीवर बसवून ती सारी पट्टी एका वेळी उचलून बाहेर काढता यावी. झिजलेला भाग काढून त्या जागी नवा घालता यावा, अशी ती योजना होती. आज अल्प किमतीच्या ज्या गिटारी दुकानांतून टांगलेल्या दिसतात त्यांतील फार मोठा वर्ग ह्याच आराखड्यावर बेतलेला आहे. सबब ती वस्तू उघडण्यास, तपासण्यास आणि सुधारण्यास मुळातच अनुकूल आहे, ही गोष्ट खरेदीदाराने सतत ध्यानात ठेवावी.

स्वस्त गिटारचा दर्जा आज जो आहे तो एका दिवसात आलेला नाही. फेंडर कंपनीने १९६५ साली मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील व्ही. सी. स्क्वायर ही तारा बनविणारी जुनी पेढी विकत घेतली होती. पुढे जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब आणि स्वस्त प्रती काढून बाजार काबीज करण्यास आरंभ केला, तेव्हा १९८२ साली फेंडरने त्याच जुन्या पेढीचे नाव देऊन मात्सुमोतो येथील फुजिजेन कारखान्यात आपली स्वतःची अल्पमोली गिटार बनवून घेतली. आणि त्या आरंभीच्या काळातील स्क्वायर गिटारींना आज संग्राहक चढी किंमत देतात, यावरून स्वस्त आणि निकृष्ट हे दोन शब्द समानार्थी नाहीत एवढे तरी सिद्ध होते. ही निर्मिती पुढे कोरिया, चीन, इंडोनेशिया अशा देशांत गेली. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून ह्या वर्गात उभी आहे. आयबानेझची जिओ आणि एपिफोनच्या लेस पॉल धर्तीच्या गिटारी ह्याही त्याच पंक्तीतल्या. लाकूड कापण्याचे आणि खाचा पाडण्याचे काम आता संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे करतात, आणि यंत्राच्या ठिकाणी महाग-स्वस्त असा भेदभाव नसल्यामुळे अल्पमोली गिटारचे मूळ मोजमाप बहुधा बिनचूक असते. बचत केलेली असते ती अन्यत्र : खुंट्या, स्विच आणि पिकअप साध्या प्रतीचे असतात, आणि त्याहून अधिक म्हणजे फ्रेटची (म्हणजे सतारीच्या पडद्यांच्या जागी ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांची) टोके घासणे, नेकच्या डोक्याशी असलेल्या नट नावाच्या पट्टीच्या खाचा योग्य खोलीच्या करणे, तारांची उंची साधणे, ह्या कामांसाठी लागणारा माणसाचा वेळ कापलेला असतो. मिरजेचा तंबोरा कितीही उत्तम भोपळ्याचा असला तरी जवारी लागल्यावाचून तो बोलत नाही, हे ज्या महाराष्ट्रीय रसिकाला ठाऊक आहे, त्याला ह्या शेवटच्या हाताचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

लाकडाविषयी मात्र खरेदीदाराच्या मनात विनाकारण भीती असते. धड पॉप्लरचे किंवा बासवुडचे असले म्हणून गिटार टाकाऊ ठरत नाही, कारण इलेक्ट्रिक गिटारचा नाद मुख्यत्वे तार, पिकअप आणि अँप्लिफायर यांच्यापासून निघतो. न्यू जर्सीमध्ये नेथन डॅनियल यांनी १९५० नंतरच्या दशकात दाबीव पुठ्ठ्यासारख्या मेसोनाइटच्या फळीपासून डॅनइलेक्ट्रो गिटारी केल्या, आणि त्यांपैकी एक पुढे जिमी पेजसारख्या वादकाच्या हाती मोठमोठ्या रंगमंचांवर वाजली. इंग्लंडमध्ये ब्रायन मे यांनी आपल्या वडिलांच्या साहाय्याने १९६३ पासून जी गिटार घरी घडविली तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची होती आणि तिच्यातील स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातील होत्या. तीच गिटार घेऊन त्यांनी ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदात आयुष्यभर वादन केले. बोटांखालच्या पट्टीसाठी पूर्वी शिसवाचा वापर सर्रास होई. परंतु २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा अनेक कारखान्यांनी ‘इंडियन लॉरेल’ वापरण्यास सुरुवात केली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्या निर्बंधांतून सूट मिळाली, तरी हे लाकूड स्वस्त गिटारींवर कायम राहिले. इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन होय. आणि ज्या ऐनाच्या तुळयांवर आपली जुनी घरे उभी राहिली, त्याच्या टिकाऊपणाविषयी आपण तरी शंका घेण्याचे कारण नाही.

दुकानात घ्यावयाची परीक्षा

एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारींत हातकामाच्या कमीअधिकपणामुळे पुष्कळ अंतर पडते, हा ह्या वर्गातील मालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. यास्तव शक्य असेल तर मुंबईतील धोबी तलावासारख्या ठिकाणी, किंवा आपल्या शहरातील वाद्यांच्या दुकानात, प्रत्यक्ष जाऊन दोन-तीन नग हाताळून पाहावेत आणि ज्याची परीक्षा घेतली तोच नग बांधून घ्यावा. अंगावरच्या रंगाची आणि चकाकीची पाहणी शेवटी करावी. प्रथम गिटार डोळ्यासमोर आडवी धरून नेकच्या कडेवरून ब्रिजच्या, म्हणजे धडावरील तारांच्या टेकूच्या, दिशेने नजर टाकावी. नेक किंचित खोलगट असली तर हरकत नाही. पण तिला पीळ पडलेला दिसला, म्हणजे एक कड एका दिशेला आणि दुसरी दुसऱ्या दिशेला झुकलेली आढळली, तर तो नग कितीही सवलतीने मिळत असला तरी परत ठेवावा, कारण बाकीचे जवळजवळ सारे दोष दुरुस्त होण्याजोगे असतात, हा मात्र नसतो.

त्यानंतर तळहात नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवावा. फ्रेटची टोके टोचत असतील तर ती घासून घेण्याचा खर्च हिशेबात धरावा. मग सहाही तारांवर प्रत्येक फ्रेटवर एकेक स्वर सावकाश वाजवावा. एखाद्याच ठिकाणी स्वर मरतो किंवा पुढच्या फ्रेटला घासून झणझणतो असे आढळले, तर तेथे एक फ्रेट बाकीच्यांहून वर उचललेला आहे असे समजावे. आणि सर्वत्रच थोडी झणझण असेल तर ती केवळ जुळणीची उणीव असून तिची धास्ती घेऊ नये. दोन्ही कडेच्या तारा बोटपट्टीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत की एक तार कडेवरून घसरण्याच्या बेतात आहे, हे पाहावे. शेवटी गिटार अँप्लिफायरला जोडून स्विचची प्रत्येक जागा, प्रत्येक बटण आणि केबलचे तोंड जेथे बसते तो जॅक हलवून पाहावा. खरखर किंवा खंड आढळल्यास तेथेच दाखवून द्यावे. पावती आणि हमीची मुदत यांचा कागद नीट जपून ठेवावा, आणि ती मुदत संपेपर्यंत आतील तारांच्या जोडणीला स्वतः हात लावू नये.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या गिटारीलाही हीच परीक्षा लागू आहे. तिथे फक्त दोन गोष्टी अधिक पाहाव्यात : पहिल्या पाच फ्रेटवर तारांमुळे खोल खळगे पडलेले नसावेत, आणि नेकमधील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरते की गंजून अडकलेली आहे हे विक्रेत्याच्या समक्ष पाहून घ्यावे.

‘गिटार स्वरात राहत नाही’

नव्या मालकाची पहिली तक्रार बहुतेक हीच असते, आणि तो तत्काळ खुंट्यांना दोष देऊन महागड्या खुंट्यांची चौकशी करू लागतो. कारण मात्र बहुधा अन्यत्र असते. कारखान्यातून आलेल्या तारा दुकानात महिनोन् महिने पडून जुन्या झालेल्या असतात. म्हणून पहिले काम म्हणजे त्या काढून नव्या तारांचा संच चढविणे. शिकाऊ हाताला ०.००९ इंच जाडीच्या पहिल्या तारेपासून ०.०४२ इंचाच्या सहाव्या तारेपर्यंतचा संच सोयीचा पडतो. तार खुंटीभोवती दोन-तीन वेढे, एकावर एक न चढता, एकाखाली एक बसतील अशी गुंडाळावी. नंतर प्रत्येक तार बोटांनी हलकेच वर ओढून पुन्हा स्वरात आणावी, आणि ओढल्यावर ती उतरेनाशी होईपर्यंत ही क्रिया करीत राहावे. स्वर नेहमी खालून वर चढवीत लावावा. वर गेलेला स्वर उतरवावयाचा असेल तर तो मुद्दाम अधिक खाली आणून मग चढवावा, म्हणजे खुंटीच्या दात्यांमधील ढिलाई राहत नाही.

एवढे करूनही तिसरी किंवा चौथी तार दुसऱ्याच मिनिटाला उतरत असेल, तर नटकडे बारकाईने पाहावे. नट म्हणजे नेकच्या डोक्याशी असलेली, सहा खाचांची ती प्लॅस्टिकची किंवा हाडाची छोटी पट्टी. खुंटी हळूहळू फिरवीत कान जवळ न्यावा : काही क्षण स्वर जागचा हलत नाही, मग एक बारीकसा ‘टिक’ असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारून पुढे जातो. याचा अर्थ तार अरुंद खाचेत अडकून राहते, ताण खाचेच्या एका बाजूस साठतो, आणि वाजविताना तार मधूनच सुटून ठरलेला स्वर मोडते. अशा वेळी तार खाचेतून बाजूला काढून मऊ शिशाच्या पेन्सिलीचे टोक खाचेत चार वेळा फिरवावे. त्या शिशाच्या भुकटीने तार निसटू लागते आणि अनेकांची कित्येक महिन्यांची तक्रार एवढ्यावरच मिटते. न मिटल्यास खाच कानशीने रुंद करावी लागते. पण ते काम जाणकाराकडे सोपवावे, कारण खाच केसभर जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणू लागते.

ज्या गिटारीच्या ब्रिजला स्वर हेलावणारा दांडा असतो, तिच्या पाठीमागच्या खोबणीतील स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांचा ताण समतोल असावा लागतो. एक तार बदलली की तो समतोल ढळून बाकीच्या पाचही तारा स्वरातून उतरतात. नवशिक्याने ह्या भानगडीत पहिले वर्ष तरी पडू नये. पाठीमागची झाकणी उघडून स्प्रिंगा ज्या पंजाला अडकविलेल्या आहेत त्याचे दोन स्क्रू, ब्रिज धडाला घट्ट टेकेपर्यंत, आळीपाळीने आवळावेत, आणि दांडा काढून पेटीत ठेवून द्यावा. गिटार तेव्हापासून निमूटपणे स्वरात राहते, असा अनुभव पुष्कळांनी घेतलेला आहे.

बोटे दुखणे आणि तारांची उंची

दुसरी तक्रार बोटांची. पहिले काही आठवडे तारा टोचणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ मुले ह्या वेदनेला स्वतःची असमर्थता समजून गिटार कपाटावर ठेवतात, आणि प्रत्यक्षात त्यांच्या तारा बोटपट्टीपासून वाजवीपेक्षा कितीतरी वर चढवलेल्या असतात, हे पाहून खरोखर हळहळ वाटते. पालकांनी आणि शिक्षकांनी ह्या एका गोष्टीची शहानिशा प्रथम करावी.

जुळणीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये : आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग सप्तकाची शुद्धता. बाक मोजण्यासाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार बोटाने दाबावी, आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट राहते ते पाहावे. ती सुमारे पाव मिलिमीटर असावी. मोटार मेकॅनिक ज्या पातळ पोलादी पात्यांनी इंजिनातील फट मोजतात ते फीलर गेज हार्डवेअरच्या दुकानात अल्प किमतीत मिळते आणि येथे उत्तम उपयोगी पडते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड योग्य मापाच्या अ‍ॅलन कीने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा. अगदीच नसेल तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, प्रत्येक वेळी तारा पुन्हा स्वरात लावून मगच मोजावे, आणि की फिरविताना जोर लावावा लागत असेल तर तेथेच थांबून कारागीर गाठावा. कारण अट्टाहासाने ट्रस रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च ह्या वर्गातील गिटारीच्या किमतीला जाऊन भिडतो.

बाक साधल्यावर ब्रिजवरील सहा छोट्या घोड्यांचे स्क्रू फिरवून तारांची उंची लावावी. सतराव्या फ्रेटवर फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांत सुमारे १.६ मिलिमीटर अंतर हे फेंडर धर्तीच्या आजच्या गिटारींसाठी स्वीकारलेले प्रमाण आहे. ज्याचा हात जड आहे त्याने ते थोडे वाढवावे. सप्तकाची परीक्षा त्यानंतर : बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि त्याच फ्रेटवर तार दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर सारखे यावेत. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी, उतरता आला तर ती पुढे आणावी.

काही मालक घोडी कितीही सरकविली तरी जाड तारेचे सप्तक जुळत नाही म्हणून हताश होतात. त्यांनी घोडीचा नाद सोडून पिकअपकडे पाहावे. पिकअपमध्ये लोहचुंबक असतात. ते तारेच्या फार जवळ आणले, तर तारेला ओढून धरतात आणि तिचे कंपन विस्कटते, त्यामुळे स्वर दुहेरी, डळमळीत ऐकू येतो व ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, एकेरी वेटोळ्याच्या पिकअपच्या माथ्यापासून जाड तारेचे अंतर सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक तारेचे सुमारे १.६ मिलिमीटर ठेवावे. आवाज मोठा यावा म्हणून पिकअप वर चढविण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवाज अँप्लिफायरच्या बटणाने मिळतो, आणि शुद्ध स्वर मात्र ह्या दोन मिलिमीटरांतूनच मिळतो.

गुणगुण, खरखर आणि विजेची जोडणी

एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेचे कंपन टिपतो तसेच घरातील ५० हर्ट्झच्या विद्युत्प्रवाहाचे पडसादही टिपतो. त्यामुळे येणारी मंद गुणगुण हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, संगणक यांपासून दूर बसल्यास किंवा गिटार थोडी फिरवून धरल्यास ती कमी होते. पुष्कळ गिटारींत मधला पिकअप उलट्या दिशेने गुंडाळलेला असतो. तेथे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र वाजताना ही गुणगुण परस्परांत विरून जाते. हीच युक्ती एका पिकअपच्या पोटात दोन वेटोळी घालून साधली की त्याला हंबकर म्हणतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास ती सिद्ध केली. ज्यांना जोरकस, फाटलेल्या आवाजाचे संगीत वाजवावयाचे आहे त्यांनी निदान ब्रिजपाशी हंबकर असलेली गिटार निवडावी.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर जोडणी ठीक आहे असे समजावे. मात्र तारांना हात लावताच आवाज वाढत असेल, किंवा तारा अथवा मायक्रोफोन यांच्या स्पर्शाने झिणझिण्या येत असतील, तर वादन तत्क्षणी थांबवावे. गिटारच्या तारा केबलवाटे अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. म्हणून घरातील सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसविण्यासाठी कोणी मधली पिन निकामी केली असेल, तर ती निव्वळ आवाजाची नव्हे, जिवाची बाब ठरते. आपल्याकडील जुन्या इमारतींत अर्थिंगची स्थिती पुष्कळदा नावापुरतीच असते. अँप्लिफायर विकत आणण्यापूर्वी वायरमनकडून तिची तपासणी करवून घ्यावी, अशी माझी प्रत्येक पालकाला आग्रहाची शिफारस आहे.

बटण फिरविताना येणारी खरखर आत साचलेल्या धुळीमुळे असते. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून बटण दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरविल्यास ती जाते. जॅक ढिला होणे ही तर सर्वांत साधी बाब. पण बाहेरून जॅकचा नट आवळताना आतला भाग त्याबरोबर फिरून त्याच्या वायरी तुटतात, म्हणून जॅकची पट्टी दोन स्क्रू काढून बाहेर घ्यावी, आतला भाग बोटांनी घट्ट धरावा आणि मगच आवळावे.

आपल्या हवामानात वाद्याची निगा

परदेशी मार्गदर्शिकांत ह्या विषयाला जेवढी जागा दिलेली असते त्याहून अधिक महत्त्व त्याला आपल्याकडे आहे. रत्नागिरी, गोवा किंवा मुंबई येथील पावसाळ्यात तारा काही आठवड्यांत गंजतात आणि लाकूड ओल शोषून नेकचा बाक पालटते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसते, आणि कालपर्यंत गुळगुळीत असलेली फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. वाद्याला सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. तेवढी राखणे घरोघर शक्य नाही. पण वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालून पुसणे, गिटार भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे, आणि वर्षातून दोनदा, पावसाळा लागल्यावर व हिवाळा सरल्यावर, नेकचा बाक मोजणे एवढा शिरस्ता कोणालाही पाळता येतो. ऐनाच्या किंवा शिसवाच्या बोटपट्टीला तारा बदलताना लेमन ऑइलचे दोन थेंब चोळून जादा तेल पुसून टाकावे. वार्निश केलेल्या मेपलच्या पट्टीला मात्र तेलाची गरज नाही, तिला नुसते फडके पुरे.

पैसा कोठे घालावा

आता हिशेबाकडे वळू. संपूर्ण रक्कम गिटारवर खर्चून जे काही उरेल त्यात कसाबसा अँप्लिफायर आणणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. जी गिटार ‘पत्र्यासारखी वाजते’ म्हणून बदनाम होते, तिला बऱ्या अँप्लिफायरला जोडताच तिचा आवाज पालटतो, असे पुष्कळांच्या अनुभवास आलेले आहे. माझ्या मते ठरविलेल्या रकमेचा तीन-पंचमांश भाग गिटारसाठी राखावा, आणि उरलेल्यात लहानसा सरावाचा अँप्लिफायर, चांगली केबल, ट्यूनर, तारांचे दोन संच आणि जुळणीची मजुरी यांची तजवीज करावी. जुळणीची मजुरी हा ऐच्छिक खर्च समजू नये. तो गिटारच्या किमतीचाच भाग आहे, फक्त तो दुकानदाराऐवजी कारागिराच्या हाती द्यावयाचा आहे.

पिकअप बदलणे, खुंट्या बदलणे, नवा ब्रिज बसविणे, ह्या सुधारणांची घाई करू नये. पहिले सहा महिने गिटार आहे तशी वाजवावी. तेवढ्या अवधीत कान तयार होतो आणि नेमके काय खटकते ते कळू लागते. त्यानंतरही क्रम असा ठेवावा : आधी तारा, मग जुळणी, मग हाडाचा नट, मग खुंट्या, आणि सर्वांच्या शेवटी पिकअप. ज्या गिटारीची नेक हाताला मानवत नाही तिच्यावर कसलीही सुधारणा करू नये, तिच्याऐवजी दुसरी घ्यावी. कारण चांगली नेक असलेल्या स्वस्त गिटारीला बाकी सर्व काही हळूहळू देता येते, पण न मानवणाऱ्या नेकला महागडे पिकअप देऊन काही साधत नाही. अशी वर्षानुवर्षे वापरून माणसाळलेली गिटार पुढे महाग वाद्य घेतल्यावरही मालक सहसा विकत नाहीत. प्रवासाला, तालमीला आणि धाकट्या भावंडांच्या हाती देण्यास ती घरात राहते.

सारांश, दहा-पंचवीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार घेण्यात कमीपणा नाही आणि धोकाही फारसा नाही. धोका आहे तो तिची जुळणी न करता ती शिकाऊ हातात देण्यात. म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, गिटार ज्या दिवशी घरी आणाल त्याच आठवड्यात तिच्या तारा बदलून घ्या, बाक आणि उंची मोजून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. आणि एवढे झाल्यावर, वाद्य चांगले की वाईट हा विचार सोडून, रोज अर्धा तास नेमाने वाजवा.